थीम बसवायला लागणारा तास

शेवाळे बाईंनी पहिल्यांदा माझ्या टेबलावर मोबाईल ठेवला, तेव्हा त्यात मला मिळण्यासारखं काय होतं ते आधीच सांगून टाकतो. एक तास. फार तर सव्वा.

"हे बघा ना साहेब," त्या म्हणाल्या. "तालुक्याच्या सायबर कॅफेवाल्याकडून मेमरी कार्डात थीम भरून आणली. त्याने दाखवली तेव्हा छान मोरपिशी होती. आता फोनमध्ये शोधते तर कुठंच नाही."

"थीम म्हणजे?"

मला माहीत होतं. पण विचारलं की समोरचा माणूस सांगायला लागतो, आणि सांगायला लागला की खुर्ची ओढून बसतो.

"म्हणजे फोनचं मागचं चित्र, अक्षरांचा रंग, ती मेनूतली छोटी छोटी चित्रं, सगळं एकदम बदलतं." त्यांनी खुर्ची ओढली. "घराला रंग काढल्यासारखं."

मी कार्ड काढून संगणकाला लावलं. थीम होती, जागेवरच होती. प्रत्येक फाईलच्या नावापुढे टिंब देऊन दोन-तीन अक्षरं असतात, ते तिचं आडनाव समजा. त्या फोनच्या थीमचं आडनाव एनटीएच. कॅफेतल्या संगणकाने फाईल उतरवून घेताना ते बदलून झिप करून टाकलं होतं. आतला ऐवज तोच, मोर तोच; पण फोन आडनाव बघून घरात घेणारा. ही सवय त्याने कुणाकडून उचलली ते आपल्याकडे सांगायला नको.

उपाय सोपा होता. नावावर जायचं, मागची तीन अक्षरं खोडायची, दुसरी तीन लिहायची, एंटर. पाच सेकंद. मी ते केलंसुद्धा. बाई तेव्हा काचेपलीकडे यंत्राचे लुकलुकणारे दिवे बघत होत्या. मग मी पडदा माझ्याकडे थोडा वळवला आणि म्हणालो, "वेळ लागेल बाई. तासभर तरी."

"बसू मग?"

"बसा की."

हे कासारखेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घडलं, दोन हजार नऊच्या श्रावणात. एक्स्चेंज म्हणजे दोन खोल्या. एकीत यंत्र आणि बॅटऱ्या, दुसरीत मी, संगणक आणि तक्रारींची वही. मागे राहायची खोली. एके काळी गावात एकशे नव्वद फोन होते आणि नवीन कनेक्शनसाठी लोक माझ्या मागे मागे फिरायचे. लग्नात मला पहिल्या पंगतीला बसवायचे. मग मोबाईल आले. लोक तारा सोडून द्यायला लागले, आणि मी ज्या श्रावणाबद्दल बोलतोय तेव्हा एकतीस लाईनी उरल्या होत्या. रोज सकाळी नऊला मी त्या एकतीस लाईनी एकेक करून तपासायचो. साडेनऊला काम संपायचं. त्यानंतर दिवसभरात माझ्या तोंडून चारेक वाक्यं निघत, त्यातली दोन समोरच्या गिरणीवाल्या पारूआक्काशी. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

एवढं सांगितल्यावर एक तास म्हणजे काय, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आता तासभर लागणार म्हटल्यावर तासभर काहीतरी चालू दिसायला पाहिजे. मी संगणकावर काळा पडदा उघडला आणि तालुक्याच्या एक्स्चेंजला हाक मारणारी आज्ञा देऊन ठेवली. या आज्ञेचं काम एवढंच की आपला संगणक दुसऱ्या संगणकाला विचारतो, आहेस का? तो म्हणतो, आहे. परत विचारतो, आहेस का? तो म्हणतो, आहे. सेकंदाला एक ओळ, पांढरी अक्षरं भराभर वर सरकतात. न जाणणाऱ्याला वाटावं, केवढं अवघड काम चाललंय.

"बाप रे," बाई म्हणाल्या. "हे सगळं त्या एका मोरासाठी?"

"मोर साधा नसतो बाई."

त्या हसल्या. पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढून तपासायला बसल्या. मग मधूनच मान वर करून बोलायला लागल्या, आणि मी ऐकायला.

बाई प्राथमिक शाळेत चौथीला शिकवायच्या. पंचेचाळिशीच्या. लग्न झालेलं नव्हतं. का नाही, हे गावाने विचारून विचारून शेवटी सोडून दिलं होतं. आई सोबत राहायची, ती आदल्या वर्षी गेली. आता देवळामागे खोली, दाराला कडी, आणि हा नवा मोबाईल. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून शनिवारी साडेबाराला त्या यायला लागल्या. दर शनिवारी नवी थीम. कधी कमळ, कधी समुद्र, कधी नुसत्या निळ्या रेघा. एकदा तर कुठल्याशा परदेशी मोटारसायकलची.

"ही तुम्हाला आवडली?" मी विचारलं.

"आवडायला काय झालं? चालवायला कुठं मागतेय मी?"

एक गोष्ट मी पहिल्याच महिन्यात मनात टिपून ठेवली होती. बाई मला साहेब म्हणायच्या. मी काही साहेब नव्हतो, साधा मेकॅनिक होतो. पण खेड्यात एकट्या बाईला एकट्या पुरुषाशी बोलायचं असलं की ती त्याच्या नावाला भाऊ जोडते आणि फाटकाला कडी घालून टाकते. मला नेवसेभाऊ म्हणायला त्यांना काहीच हरकत नव्हती. त्या म्हणाल्या नाहीत.

पारूआक्कांनीही आपल्या परीने टिपून ठेवलंच होतं. गिरणी एक्स्चेंजच्या बरोबर समोर. भुवयांवर पीठ, हातात पाटी, आणि नजर आमच्या फाटकावर.

"काय ओ टेलिफोनवाले," एकदा त्या रस्त्याच्या पलीकडूनच ओरडल्या. "बाईंच्या मोबाईलला झालंय तरी काय? दर शनवारी दवाखाना!"

"जुना आजार आहे आक्का."

"नवा कोरा फोन आन् जुना आजार?"

"यंत्राचं सांगता येत नाही."

"तुमच्या एसीची हवा मानवती म्हना की त्याला!" असं म्हणून त्या हसत हसत आत गेल्या. यंत्र गरम होऊ नये म्हणून एक्स्चेंजला एसी होता, गावातला एकुलता एक.

पण त्या पुढे काही बोलल्या नाहीत, आणि का नाही ते मला ठाऊक होतं. बाई कामाला येत होत्या. फोन हातात दिसत होता, येताना आणि जाताना. कामाला आलेल्या माणसाला गाव चिडवतं, पण वाळीत टाकत नाही. कुणी विचारलं तर बाई स्वतःच सांगायच्या, "फोनचं काम होतं." त्या पाच सेकंदांच्या जिवावर आमचा तास उभा होता, आणि ते पाच सेकंद कुणाला कळू द्यायचे नाहीत हे माझं काम होतं.

थोडी रुखरुख वाटायची, नाही असं नाही. एवढी शिकलेली बाई, शिक्षकांना सक्तीचा असतो तो संगणकाचा कोर्सही केलेला. एकदा मी चिडवलं, "सर्टिफिकेट आहे ना बाई तुमच्याकडे? मग एवढं येत नाही?"

"सर्टिफिकेट पगारवाढीसाठी असतं साहेब," त्या वहीवर खूण करत म्हणाल्या. "संगणकासाठी नसतं."

मला ते पटलं. जे पटून घ्यायला सोयीचं असतं ते लगेच पटतं.

दिवाळीच्या सुट्टीत त्या भावाकडे बारामतीला गेल्या. तीन शनिवार मी संगणक उगाच चालू ठेवून बसलो. चौथ्या शनिवारी साडेबाराला फाटक वाजलं.

"सुट्टीत बरीच सवड मिळाली," त्या म्हणाल्या. "खूप थीम जमवल्यात. आता दर आठवड्याला तुमच्या मागे लागणार."

"लागा."

मी कार्ड लावलं. काळा पडदा उघडला. आहेस का? आहे.

त्या हिवाळ्यात बाई फार बोलायच्या. वर्गातलंच जास्त. त्यांच्या चौथीत रेश्मा नावाची एक मुलगी होती. एका उत्तराचा पत्ता नाही, सगळा दिवस खाली मान.

"मग मी एक करते," बाई म्हणाल्या. "उद्या वर्गात विचारायचा एक प्रश्न तिला आदल्या दिवशी जाता जाता सांगून ठेवते, उत्तरासकट. म्हणजे असं, की तिला वाटावं आपण चुकून ऐकलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारते. हात वर करते ना साहेब, तेव्हा बघायला पाहिजे तिला. बाकावर उभी राहते."

"आणि तिला कळलं तर? की बाई मुद्दाम करतात?"

"कळू द्यायचं नसतं," त्या म्हणाल्या. "कळलं तर बिचारी परत हात वर करायची नाही."

मार्चच्या शेवटच्या शनिवारी ऊन फार होतं. बाई आल्या, कार्ड दिलं, आणि तोंडावर पाणी मारायला मागच्या नळावर गेल्या. मी कार्ड लावलं. आजच्या थीमचं नाव 'पळस' होतं. शेवटी झिप. मी नेहमीसारखी मागची तीन अक्षरं खोडली, एनटीएच लिहिलं, एंटर मारलं.

संगणकाने नाही म्हटलं. या नावाची फाईल इथे आधीपासूनच आहे, असं त्याने कळवलं.

मला वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग मी त्या कार्डात काय काय आहे ते नीट बघितलं. एरवी मी कधी बघत नसे. दुसऱ्याच्या कार्डात डोकावू नये एवढी रीत मलाही होती. झिप आडनावाच्या 'पळस'च्या शेजारीच दुसरी 'पळस' होती, एनटीएच. अगदी व्यवस्थित. फोनला चालेल अशी. आणि तिच्या वर एक कप्पा होता, त्यात बाकीच्या. कमळ, कंदील, हरणं, पतंग. सगळ्यांचं आडनाव बरोबर. प्रत्येकीची तारीख शुक्रवारची.

म्हणजे बाई शुक्रवारी घरी, किंवा शाळेच्या संगणकावर, थीम नीट करून ठेवत होत्या. मग तिची एक नक्कल काढून, बरोबर असलेलं आडनाव पुसून, मुद्दाम चुकीचं लावत होत्या. आणि शनिवारी ती बिघडवलेली फाईल माझ्यासमोर आणून ठेवत होत्या, मी दुरुस्त करावी म्हणून. या शुक्रवारी चांगली फाईल कप्प्यात सरकवायची तेवढी राहून गेली होती.

मी मोजल्या. एकोणीस.

मागे नळ वाजत होता. माझ्या कानामागे गरम झालं ते अजून आठवतं. सात महिने मी समजत होतो की मी बाईंना फसवतोय, आणि त्याची मला थोडी लाज आणि बरीचशी मजा वाटत होती. आता कळलं की बाकावर उभं राहून हात वर करणारी रेश्मा मी होतो.

बाई पदराने तोंड पुसत आल्या. "आज पडदा नाही लावला काळा?"

मी संगणकाचं तोंड त्यांच्याकडे पूर्ण फिरवलं. "हे काय म्हणतंय, वाचा."

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. मग उभ्या होत्या त्या सावकाश खुर्चीत बसल्या.

"विसरले," त्या म्हणाल्या. "काल लाईट गेली होती. अर्धवट राहिलं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. भाच्याने करून दाखवलं. पाच सेकंद लागले त्याला."

"एकोणीस झाल्या."

"मोजल्यात तुम्ही?"

"मोजायचंच काम करतो मी."

"तसं नव्हे..." त्यांनी टेबलावरचा फोन हातात घेतला, उलटा केला, परत ठेवला. "तुम्ही रागावलात?"

"कशाला केलंत?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चौथीच्या वर्गाकडे बघत असतील तसंच, सरळ.

"तुम्ही तासभर का लावत होता?"

हा प्रश्न त्यांनी चिडून विचारला नाही, हे मला आज स्पष्ट दिसतं. त्यांना उत्तर हवं होतं. खरं उत्तर माझ्याकडे तयार होतं आणि ते लहान होतं. तुम्ही बसावं म्हणून. तीन शब्द.

"खात्याचं काम असतं," मी म्हणालो. "मधे मधे करत होतो तुमचं. म्हणून वेळ लागायचा."

"असं होय."

"आणि बाई, माझी कीव करायला मी तुमच्या वर्गातला पोर नाही."

"कीव?"

त्यांनी तो शब्द नुसता परत म्हटला. मी संगणकाचं तोंड पुन्हा माझ्याकडे फिरवलं, कार्ड काढून फोनशेजारी ठेवलं, आणि तक्रारींची वही उघडली. त्या पानावर लिहिण्यासारखं काही नव्हतं. तरी मी रेघा मारत बसलो.

"बरं," बाई म्हणाल्या. कार्ड फोनमध्ये घातलं. वह्यांचा गठ्ठा न उघडताच पिशवीत परत गेला. दारापाशी थांबून म्हणाल्या, "पळस लावायचा राहिला."

"तुम्हाला येतो की लावता."

एक वाजायलाही अजून पंधरा मिनिटं होती. एवढ्या लवकर त्या कधी गेल्या नव्हत्या. समोरून पारूआक्कांनी मान उंच करून बघितलं.

आठवडाभर मी राग सांभाळला. एकट्या माणसाकडे राग असला की सोबत असते; सकाळी उठल्यावर त्याच्याशी बोलता येतं, जेवताना बोलता येतं. मी बाईंना मनात बरंच काही ऐकवलं. तुम्ही मला काय समजलात? उपाशी माणूस? दर शनिवारी चतकोर आणून टाकायला? त्या सगळ्यात बाईंचा प्रश्न मधेच यायचा, तुम्ही तासभर का लावत होता, आणि मी तो ओलांडून पुढे जायचो.

शनिवार आला. सकाळी नऊला मी लाईनी तपासल्या, एकतीसच्या एकतीस चालू. अकराच्या सुमाराला शाळेतून हेडमास्तरांचा फोन आला. त्यांच्या पेन्शनच्या कागदाबद्दल कुणा ओळखीच्याचा नंबर हवा होता. मी दिला. साडेबारापर्यंत मी स्वतःला चार वेळा सांगितलं की फाटकाकडे बघायचं नाही, आणि दार उघडं टाकून त्याच्यासमोरच खुर्ची घेऊन बसलो.

वीज गेली होती. गिरणी बंद, म्हणून रस्ता शांत. पायरीवर पारूआक्का आणि दळणाचे डबे घेऊन बसलेल्या दोन बायका. एवढ्या शांततेत बाईंच्या चपलांचा आवाज लांबूनच आला.

त्या फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात मोबाईल नव्हता. वह्यांची पिशवीही नव्हती.

"बाई," पारूआक्का म्हणाल्या, "मागल्या शनवारी लवकर सुटलात. मोबाईल बरा झाला म्हना की."

"हो, झाला बरा."

"मग आज कशापायी येणं?"

दोन्ही बायकांनी डब्यांवरून नजर उचलली. फाटकाच्या दांडीवर हात ठेवून शेवाळे बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, वर्गात वाचून दाखवावं तसं म्हणाल्या, "साहेब, शाळेचा फोन बंद आहे. तक्रार लिहून घेता का? कधीपासून बंद आहे ते आत येऊन सांगते."

मला कळलं. कळलं नाही असं मी पुढे कधी स्वतःला पटवू शकलो नाही, म्हणून इथेही पटवत नाही. दीड तासापूर्वी त्या फोनवरून त्यांचा हेडमास्तर माझ्याशी बोलला होता, आणि तो फोन बाईंच्या वर्गाबाहेरच्या कपाटावर असतो. फोन चालू आहे हे त्यांना माहीत होतं. मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. फोन हातात धरून आत येणं संपलं होतं, म्हणून त्यांनी दुसरं काम शोधून आणलं होतं. वही उघडायची, शाळा असं लिहायचं, पुढे बंद असं लिहायचं. पाच सेकंदही नाही.

पण आठवडाभराचा राग तोंडाशी येऊन बसला होता, त्याला आधी बाहेर पडायचं होतं.

"शाळेची लाईन चालू आहे बाई," मी बसल्या जागेवरून म्हणालो. "सकाळीच तपासलीये मी."

एका बाईच्या डब्याचं झाकण तेवढं वाजलं.

"हो का?" शेवाळे बाई म्हणाल्या. दांडीवरचा हात त्यांनी काढून घेतला. "मग आमचंच काहीतरी चुकलं असेल."

मग त्या वळल्या, आणि गिरणीच्या पायरीपाशी जाऊन पारूआक्कांना विचारू लागल्या, बाजरीचं दळण कधी मिळेल, वीज कधी येणार म्हणतात. जणू त्या गिरणीवरच आल्या होत्या. पारूआक्का एरवी कुणाला सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी बाईंच्या दोन्ही रिकाम्या हातांकडे बघितलं, डबा नाही, पिशवी नाही, आणि चेष्टा न करता म्हणाल्या, "येईल बाई, चारपत्तर येईल वीज. तुमी घरी जावा. उन्हाचं थांबू नगा."

त्या गेल्या. देवळाच्या कोपऱ्यापर्यंत मला दिसत होत्या. उठून फाटकापर्यंत जायला मला वीस पावलं होती, हाक मारायला तर तीही नकोत. मी बसून राहिलो.

मे महिन्यात हेडमास्तर भेटले तेव्हा म्हणाले, शेवाळे मॅडमनी विनंती बदली मागितली होती, मिळाली, बारामतीकडे. "चांगली बाई होती हो. पोरं रडली. ती एक रेश्मा आहे, ती तर शाळेतच यायला तयार नाही." मी म्हणालो, होतं असं. एक्स्चेंज पुढे तीन वर्षं चाललं. एकतीसच्या नऊ लाईनी झाल्या, मग खात्याने कुलूप लावलं आणि मला दुसरीकडे नेलं. आता निवृत्त होऊनही बराच काळ गेला. हल्लीच्या फोनमध्ये रंग बदलायला असलं काही करावं लागत नाही, बोट लावलं की झालं.

मी फार काळ त्या व्यवहाराचा हिशेब कीव या एका सदराखाली मांडून ठेवला होता. तो जुळायचा नाही. कीव करायला आलेल्या माणसाचा एकदा अपमान केला की तो पुन्हा येत नाही, त्याला गरज नसते. बाई पुन्हा आल्या होत्या. ज्या रस्त्यावर सगळं गाव बघतं त्या रस्त्यावरून, हातात काही नसताना, खोटं बोलायची सवय नसताना. एकोणीस शुक्रवार त्यांनी जे केलं ते माझ्यासाठी नव्हतंच, किंवा माझ्या एकट्यासाठी नव्हतं. देवळामागच्या खोलीत शनिवारची दुपार माझ्या दुपारीएवढीच मोठी असणार, हे एवढी मोजामोज करणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

तर या हिशेबात कुणी काय भरलं? पारूआक्कांना चार दिवस बोलायला विषय मिळाला, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या बोलल्या नाहीत. म्हणजे थोडं त्यांनीही भरलं. चौथीच्या वर्गाने एक शिक्षिका भरली. मी माझा ताठा राखला. बाईंनी आपलं सगळं एकदाच भरलं, भर उन्हात, उभ्या उभ्या, तिघीजणींच्या देखत, आणि मोकळ्या झाल्या असतील अशी मी आशा करतो. माझं दर शनिवारी थोडं थोडं भरणं अजून चालू आहे.